एक नंबरचा मान

"मॅडम, माझा तीन नंबर जाधवनं घेतलाय. त्याला सोडायला सांगा."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला हा फोन आला. मी स्कूटीवरून मुरुडला एका पतसंस्थेचा प्रिंटर बघायला निघाले होते. गाडी बाभळीखाली घेतली. फोनवर मोरे होते, माझ्याकडे देखभालीला असलेल्या एका सरकारी कार्यालयातले क्लार्क. तालुका कोणता, कार्यालय कोणतं, ते सांगत नाही. लातूर जिल्ह्यातलं होतं एवढं पुरे.

"कसला तीन नंबर, मोरे?"

"आयपीचा हो. साहेबांनी ऑर्डर काढली. मला तीन आला. जाधव म्हणतो त्यालाच आला. आता दोघांच्याही कॉम्प्युटरवर पिवळा त्रिकोण येऊन राहिला."

मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, नांदेडला नोकरी केली, मग लातूरला स्वतःचं काम सुरू केलं. या धंद्यात मी नाही नाही त्या तक्रारी ऐकल्या. माऊसला उंदराच्या गोळीचा वास येतो ही तक्रारसुद्धा ऐकली आणि ती खरी निघाली. पण आयपी नंबरवरून दोन क्लार्क हातघाईवर आल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, कुणी काही बदलू नका, मी दुपारी येते.

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय, हे आधी सांगून टाकते. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडलेले असतात. कोणता कागद कोणत्या कॉम्प्युटरला द्यायचा हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक नंबर असतो. तो चार आकड्यांचा लांबलचक असतो, पण एका ऑफिसात पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे आणि शेवटचा वेगळा. गल्ली एकच, घर नंबर वेगळा. भिंतीवर राउटर नावाचा डबा असतो. बाहेरच्या जगात जायचं दार म्हणजे तो. त्याचा नंबर बहुतेक ठिकाणी एक असतो, आणि सगळ्या कॉम्प्युटरना सांगून ठेवलेलं असतं की बाहेर काही पाठवायचं असेल तर एक नंबरकडे द्या.

झालं. एवढंच. हे ज्यानं नेटवर्क उभं केलं त्याला माहीत असावं. टेबलावर बसून काम करणाऱ्या माणसाला याची काडीचीही गरज नसते, हे माझं तेव्हाही मत होतं. मग त्या ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तो नंबर स्टिकरवर लिहून कुणी चिकटवला होता? मीच. फोनवर कुणी "मॅडम, माझं बंद पडलं" म्हटलं की "स्टिकरवरचा नंबर सांगा" म्हणायला सोपं जायचं. शिवाय नंबर कसा बदलायचा याच्या सात पायऱ्या मी स्वच्छ मराठीत लिहून भिंतीला लावल्या होत्या. प्रत्येक वेळी एवढ्या लांब जायचा कंटाळा, दुसरं काय.

मी पोचले तेव्हा एक वाजला होता. रेल्वेनं लातूरला पाणी आलं तोच हा उन्हाळा. त्या दिवसांत या ऑफिसात एकच काम चालायचं, टँकरचे प्रस्ताव. गावाचा ठराव, ग्रामसेवकाचा अहवाल, विहिरी आणि बोअरच्या पाहणीचे कागद, सगळं स्कॅन करून जिल्ह्याच्या साइटवर चढवायचं. दुपारी चारपर्यंत जे चढेल ते दुसऱ्या दिवशी मंजूर व्हायचं. ही साइट फक्त ऑफिसच्या लाइनवरूनच उघडायची, त्यामुळे मोबाईलचं नेट लावून काम भागवायचीही सोय नव्हती. आणि त्या शुक्रवारनंतर दुसरा शनिवार, रविवार आणि सोमवारी सणाची सुट्टी. तीन दिवस साइट नवं काही घेणार नव्हती. त्या दिवशीचे प्रस्ताव तेवढे सुट्टी असली तरी मंजूर होणार होते.

आत चार गावांचे प्रस्ताव पडून होते. त्यातल्या एका वाडीच्या सरपंच सुमनबाई सकाळपासून बाकावर बसल्या होत्या. पायाशी रिकामी बाटली. मला आत येताना पाहिलं तशा उठल्या.

"ताई, कॉम्प्युटरवाल्या तुमीच का? आमचं आज व्हईल का न्हाई?"

"होईल. काय अडचण आहे?"

"बोअर आटून चार दिवस झाले. शेजारच्या मळ्यातनं आणायलाव तर त्यांनीबी कालपास्नं मोटार बंद केली. त्यांच्याबी हिरीत काय ऱ्हायलं न्हाई. आज पोचलं तर परवापस्तोर टँकर यील. न्हाई तर गुरुवार. गुरुवारपस्तोर लेकरांला काय पाजू, सांगा."

मी म्हटलं, बसा, बघते. मोठ्या ऐटीत म्हटलं.

कॉम्प्युटर ऑपरेटर शबाना डोक्याला हात लावून बसली होती. "मॅडम, नेट येऊन राहिलं, जाऊन राहिलं. स्कॅनर तर सकाळपासून दिसतच नाही." तिनं टेबलावरचा कागद माझ्यासमोर सरकवला. कार्यालयीन आदेश. जावक क्रमांक, दिनांक, खाली सही आणि शिक्का. विषय: संगणकांना ज्येष्ठतेनुसार क्रमांक देणेबाबत.

सरकारी ऑफिसात ज्येष्ठता यादी नावाची एक वस्तू असते. कोण कधी रुजू झालं त्याप्रमाणे सगळ्यांची नावं. बढती तिच्यावर, बदली तिच्यावर, खिडकीजवळची खुर्ची तिच्यावर, पंखा कुणाच्या डोक्यावर फिरेल तेही तिच्यावर. नवे अधीक्षक सूर्यवंशी साहेब महिन्याभरापूर्वी बदलून आले होते. त्यांनी ती यादी घेतली आणि सरळ आयपीला लावली. साहेब एक नंबर. मग दोन. तीन नंबरवर जाधव आणि मोरे, कारण दोघं एकाच दिवशी रुजू झालेले. नेटवर्कमध्ये दोघांना एकच नंबर दिला की दोघांचंही काम अडतं, पण यादीत तसं काही लिहिलेलं नसतं. पाच नंबर आजवर स्कॅनरचा होता. तो आता एका वरिष्ठ लिपिकांना गेला. स्कॅनर सेवेत कनिष्ठ निघाला.

मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साठीला टेकलेला माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"साहेब, हा आदेश कशासाठी काढला?"

"बसा वाघमारे मॅडम. मला एक सांगा. दाराजवळच्या आवक-जावकला अकरा नंबर आणि माझ्या टेबलाला सत्तावीस. हे कोणत्या नियमात बसतं?"

"वायर दारापासून ओढत आणली साहेब. त्या क्रमानं दिलेत."

"म्हणजे वायरीची ज्येष्ठता."

"त्या नंबराला काही अर्थ नसतो. एक काय आणि सत्तावीस काय."

"अर्थ नसतो तर मग मला एक दिला म्हणून काय बिघडलं?"

 मी हात टेकले. "एक नंबर राउटरचा असतो साहेब."

"राउटर कोण?"

"तो भिंतीवरचा डबा."

त्यांनी चष्म्यावरून डब्याकडे पाहिलं. "किती वर्षं झाली त्याला इथं?"

"तीन."

"मॅडम, लातूर जिल्हा नवा झाला ना, त्या भरतीतला मी आहे. ऑफिसात टेबलं नव्हती, पत्र्याच्या पेटीवर बसून काम केलंय. चौतीस वर्षं यादीत कुणाच्या तरी खालीच होतो. आता कुठं वर आलोय, तर ऑक्टोबरात घरी जायचं."

 राग तर होताच, पण तो माणूस खोटं बोलत नव्हता. तरी मी सगळे नंबर जुन्यासारखे करते म्हणून सांगितलं. ते मान हलवून मीटिंगला निघून गेले.

दोन तास मी एकेका टेबलाखाली वाकत होते. जाधवांना जाधवांचा नंबर, मोऱ्यांना मोऱ्यांचा, स्कॅनरला स्कॅनरचा. साहेबांच्या कॉम्प्युटरला पुन्हा सत्तावीस. एक गोष्ट मला कोड्यात टाकत होती. राउटर चालू असताना दुसऱ्या कुणी एक नंबर मागितला तर कॉम्प्युटर स्वतःच नाही म्हणतो. मग साहेबांना तो मिळाला कसा? शबानानं सांगितलं की आदेश निघाला तेव्हा लाइट गेलेली होती. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालतात, राउटरचा प्लग मात्र साध्या बोर्डात. डबा बंद, एक नंबरचं घर रिकामं दिसलं, साहेब त्यात शिरले. लाइट आल्यावर घरमालक परतला. मग निम्मे कॉम्प्युटर बाहेरचे कागद राउटरला द्यायचे, निम्मे साहेबांना. साहेबांचा कॉम्प्युटर ते घेऊन गप्प बसायचा.

तो प्लग काढून इन्व्हर्टरच्या बोर्डात लावायचा, दोन मिनिटांचं काम. पण स्कॅनिंग चालू झालं होतं, मध्ये नेट तोडायला नको म्हणून मी ते मागं ठेवलं. हे लिहिताना आजही माझा मलाच राग येतो.

तीन वीसला सगळं सुरळीत चालू झालं. शबानानं एकेक प्रस्ताव चढवायला घेतला. ज्या क्रमानं आवक झाली त्या क्रमानं, त्यामुळे सुमनबाईंची वाडी शेवटची. तीन गावं गेली. चौथ्याची हिरवी पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइट गेली.

दहा मिनिटांत आली. राउटरचे दिवे लुकलुकले, स्थिर झाले. शबानानं पुन्हा सुरुवात केली. पट्टी दोन बोटं सरकली की थांबायची, पुन्हा पहिल्यापासून.

"मॅडम, सकाळसारखंच करून राहिलं."

घड्याळात पावणेचार. मी वायर बदलली. राउटर बंद करून चालू केला. सर्व्हिसवाल्याला फोन लावला, तो म्हणाला आमच्याकडून लाइन ओके आहे. सुमनबाई उठून माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी सगळं तपासलं, फक्त जे आत्ताच दुरुस्त केलं होतं ते सोडून. तीन पंचावन्नला माझी नजर साहेबांच्या केबिनकडे गेली. साहेब मीटिंगहून परतले होते. खुर्चीत बसले होते. हातात एक कागद होता, आणि तो भिंतीवरून काढलेला, माझ्या अक्षरातला, सात पायऱ्यांचा कागद होता.

मी धावत आत गेले. स्क्रीनवर शेवटचा आकडा, एक.

"साहेब! पुन्हा?"

"मघाशी लाइट गेली तेव्हा आलो. तुम्ही सत्तावीस करून ठेवला होता. म्हटलं, चुकून राहिला असेल."

मी त्यांच्या हातातून माऊस जवळजवळ हिसकावला. नंबर बदलला, ओरडून शबानाला सांगितलं, पट्टी हलायला लागली. चार वाजून दोन मिनिटांनी ती शेवटाला पोचली आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. आजची वेळ संपली आहे.

मग मात्र माझा तोल गेला. "साहेब, तुमच्या एका आकड्यापायी त्या वाडीला गुरुवारपर्यंत पाणी नाही. घ्या तुमचा एक नंबर. फ्रेम करून लावा."

सगळं ऑफिस उभं राहिलं होतं. सूर्यवंशी साहेबांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पडला. आणि मला वाटलं होतं की आता सुमनबाई त्यांच्यावर तुटून पडतील, पण त्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, मला ह्यातलं काय कळत न्हाई. पर टँकर आला की आमी हंडा लावतो. त्यो कंच्या नंबरचा हाय, कंच्या रोडनं आला, कोन इचारतंय? मग ह्या सायबांना त्यो नंबर दिसलाच कशापायी?"

 उत्तर स्टिकरवर होतं आणि स्टिकर मी लावलं होतं. साहेबांनी मूर्खपणा केला हे खरं. पण ज्या आकड्याशी त्यांचा काही संबंध नव्हता तो मी त्यांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवला, वर तो बदलायचा कसा तेही शिकवलं. का, तर माझ्या चार फेऱ्या वाचाव्यात. मला त्या बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना.

साहेबांनी जिल्ह्याला फोन लावला. तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं की साइट आपोआप बंद होते, त्याच्या हातात काही नाही. साहेबांनी फोन ठेवला, टेबलावरून मूळ कागदांची फाइल उचलली आणि शिक्का मारला.

"बाई, तुमची जीप आहे का खाली?"

"हाव, हाय की."

"चला मग. जिल्ह्याचे साहेब माझ्या ओळखीचे आहेत. ऑफिस सुटलं असलं तरी घरी गाठू. हातानं सही घेऊ."

चौतीस वर्षं नोकरी झालेला तो माणूस काखेत फाइल मारून जिना उतरला. मागं सुमनबाई. जीप धूळ उडवत गेली. 

रविवारी दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, सुमन बोलायले. टँकर आला बरं का सकाळी. समद्यांचे हंडे भरले. त्या सायबांला सांगा." मागून बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात कणीक तशीच. मला एकदम रडू आलं.

मंगळवारी मी न बोलावता त्या ऑफिसात गेले. आधी राउटरचा प्लग इन्व्हर्टरवर घेतला. मग राउटरलाच सांगितलं की ज्याला जो नंबर लागेल तो तूच दे, कुणाला काही विचारू नको. ही सोय पहिल्या दिवसापासून त्या डब्यात होती, ती वापरायचा आळस माझा. कॉम्प्युटरवरून नंबर बदलण्याची मुभा बंद केली. सात पायऱ्यांचा कागद फाडला. मग पाण्यात फडकं भिजवून एकेक स्टिकर काढायला बसले. मला यातून एकच गोष्ट कळली, ती कोरडी आहे, पण सांगते. आयपी अ‍ॅड्रेस जर वापरणाऱ्याला दिसत असेल, तर इंजिनिअरचं काम संपलेलं नाही.

साहेबांच्या टेबलाशी आले तेव्हा ते म्हणाले, "आता माझा नंबर किती?"

"माहीत नाही साहेब."

"तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही. उद्या वेगळाही असेल."

"आणि त्या डब्याचा?"

"एक."

ते थोडं हसले. मग चहा मागवला. मी विचारलं, "शुक्रवारी त्या साहेबांचं घर कसं सापडलं?"

"अहो, पत्ता होता खिशात. पण कॉलनी नवी, पाट्याच नाहीत. पानटपरीवर विचारलं, त्यानं पुढचा चौक सांगितला. चौकातल्यानं गिरणी सांगितली. गिरणीवाल्यानं गल्ली दाखवली. कुणालाच पूर्ण रस्ता माहीत नव्हता, प्रत्येकाला पुढचं वळण तेवढं माहीत."

नेटवर्क अगदी असंच चालतं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. आता पुरे झालं होतं शिकवणं.

"घर नंबर तर शेवटपर्यंत दिसला नाही," साहेब म्हणाले. "पण पोचलो."

मी ओलं फडकं घेऊन त्यांच्या कॉम्प्युटरवरचं सत्तावीस पुसायला घेतलं.